रेकॉर्ड ओळखायची परीक्षा

साकोलीला हायवेच्या कडेला आमचं साउंड सर्विसचं दुकान आहे. आधी ते बाबा चालवायचे, आता मी चालवते. लग्न, सप्ताह, शाळेचं गॅदरिंग, प्रचारसभा, जिथे माइक लागतो तिथे आम्ही जातो. एक बाई स्टेजखाली वाकून वायरी ओढते आहे हे पाहायला सुरुवातीला लोक उभे राहायचे. आता राहत नाहीत. माझं काम बरं की वाईट एवढंच पाहतात, आणि मला तेवढंच हवं होतं.

दुकान माझ्याकडे आलं तरी बाबा रोज सकाळी येऊन मागच्या स्टुलावर बसतात. त्यांच्या तरुणपणी या धंद्यात लॅपटॉप नव्हता, कॅसेटही नव्हती. एक मशीन, म्हणजे अँप्लिफायर, एक रेकॉर्ड प्लेअर, दोन भोंगे, एक बॅटरी आणि रेकॉर्डची पत्र्याची पेटी एवढं घेऊन ते बैलगाडीतून लग्नाला जायचे. ती पेटी आणि तो प्लेअर अजून दुकानाच्या माळ्यावर आहेत. मी नवीन स्पीकर लावून लॅपटॉपवरून गाणं वाजवलं की बाबा एकच बोलायचे, "आवाज आहे, पन याच्यात जीव नाई." मी ऐकून सोडून द्यायची. त्यांच्याशी वाद घालायला माझ्याकडे वेळ नसायचा, आणि खरं सांगायचं तर मला ते म्हातारपणाचं बोलणं वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात, धान कापून झाल्यावर, भंडाऱ्याहून एक बाई दुकानात आल्या. त्यांच्या घरचं पितळेच्या भांड्यांचं जुनं दुकान. आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती आणि घरच्यांनी कार्यक्रम ठरवला होता. त्यांची आई मोहाडीजवळच्या एका गावची. लग्न तिथेच झालं होतं.

"त्या लग्नात भोंगा तुमच्या वडिलांनीच लावला होता म्हणते आई," त्या म्हणाल्या. "म्हणून तुमच्याकडे आले. आम्हाला फोनवरची गाणी नकोत. खरी रेकॉर्ड वाजवायची आहे. तिचा आवाजच वेगळा असतो म्हणतात."

मी त्यांना समजावायला लागले. प्लेअर कित्येक वर्षं बंद आहे, सुई झिजलेली आहे, रेकॉर्डवर चरे पडले आहेत, ऐन कार्यक्रमात अडकली तर पंचाईत होईल. तीच गाणी लॅपटॉपवरून याहून स्वच्छ वाजतील. माझं बोलणं संपायच्या आत मागून बाबांचा आवाज आला.

"लावून देऊ. रेकॉर्डच लावू."

त्या खूश होऊन गेल्या. मी बाबांकडे वळले.

"बाबा, ग्राहकाला शब्द द्यायच्या आधी मला विचारायचं ना."

"काहून विचारू? ते बाई बरोबर बोलून राहिली. रेकॉर्डचा आवाज चांगला असते. तुले समजत नाई त्याले मी काय करू?"

हे मला लागलं. मी एवढ्या वर्षांपासून आवाजाचंच काम करते. हॉलमध्ये कुठे आवाज घुमतो, कुठे बसतो, हे टाळी वाजवून सांगते. मी तिथेच ठरवलं की या गोष्टीचा एकदा निकाल लावायचा. मी बाबांना म्हटलं, "चांगला असतो ना? मग ओळखून दाखवा. पाठ करून बसायचं, बघायचं नाही. मी कधी रेकॉर्ड लावीन, कधी लॅपटॉप. दहा वेळा. नाणं उडवून ठरवीन, म्हणजे माझ्या मनाचंही काही नको."

"आजच घे," बाबा म्हणाले.

आज घेणं शक्य नव्हतं. सामान माळ्यावरून काढलं तेव्हा प्लेअरची थाळी फिरेचना. तिला फिरवणारं रबराचं चाक लाकडासारखं कडक झालं होतं. मी मोटर उघडून साफ केली, तेल दिलं. चाक नागपूरला एका जुन्या कारागिराकडे पाठवून नवीन रबर चढवून आणलं. सुई कुरिअरने मागवली, ती चुकीची आली, परत पाठवली, दुसरी आली. रेकॉर्ड एकेक करून साबणाच्या पाण्याने धुतल्या आणि मऊ सुती कापडावर वाळवल्या. या सगळ्यात पंधरा दिवस गेले. बाबा मधूनमधून येऊन बघायचे, पण मदत करायचे नाहीत. दोन बाजू पडल्या होत्या ना.

पहिली परीक्षा एका दुपारी घरी झाली. पुढच्या खोलीत दोन स्पीकर ठेवले आणि त्यांच्याकडे तोंड करून बाबांना खुर्चीत बसवलं. त्यांच्या मागे, स्वयंपाकघराच्या दाराजवळ, टेबलावर प्लेअर आणि लॅपटॉप. आई आत स्वयंपाकघरात भिंतीआड तांदूळ निवडत होती. बाबांच्या आवडीचं एक जुनं गाणं मी इंटरनेटवरून उतरवून घेतलं होतं, आणि तीच रेकॉर्ड पेटीत होती.

बाबांनी दहापैकी दहा ओळखले. तेही गाणं सुरू व्हायच्या आधीच.

"झालं?" ते म्हणाले.

"नाही झालं. तुम्ही खरखर ओळखली, गाणं नाही ओळखलं. रेकॉर्ड वेगळी वाजते हे कळलं. चांगली वाजते हे कुठे कळलं?"

"मले तेच चांगला वाटते."

मग मी त्यांच्यावर एक जुनी युक्ती केली. आमच्या धंद्यात सगळ्यांना ती माहीत असते. लॅपटॉपवरचंच गाणं मी दोनदा वाजवलं, दुसऱ्यांदा आवाज अगदी केसभर वाढवून, आणि विचारलं, कोणतं बरं? बाबा लगेच म्हणाले, "दुसरा. हा भरल्यासारखा वाटते." दोन्ही वेळा लॅपटॉपच होता हे मी त्यांना मग सांगितलं. आवाज थोडा मोठा असला की कानाला तो चांगला वाटतो. माझ्याही कानाला वाटतो. म्हणून खरी परीक्षा घ्यायची तर दोन्हीचा आवाज मीटरने मोजून अगदी सारखा ठेवायला हवा, आणि खरखरही दोन्हीत सारखी हवी.

मी दुसऱ्या दिवशी तेच केलं. त्याच प्लेअरवर, त्याच सुईने ती रेकॉर्ड वाजवली आणि लॅपटॉपमध्ये भरून घेतली. आता खरखर, चरा, मोटरची गुरगुर, सगळं दोन्हीकडे होतं. लॅपटॉपची पाळी असली तरी थाळी फिरती ठेवायची, फक्त सुई उचललेली, असं ठरवलं. कागदावर एक ते दहा आकडे लिहिले आणि नाणं उडवलं.

बाबा डोळे मिटून बसले. पहिल्या गाण्याला त्यांनी बराच वेळ घेतला. "रेकॉर्ड," ते म्हणाले. बरोबर होतं. दुसऱ्यालाही "रेकॉर्ड" म्हणाले, ते चुकलं. मी मध्ये काही सांगत नव्हते, फक्त खुणा करत होते. सातव्या गाण्यापर्यंत त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या. नवव्याला ते म्हणाले, "पुन्हा लाव." मी पुन्हा लावलं. दहा झाल्यावर कागद त्यांच्या हातात दिला. पाच बरोबर, पाच चूक.

नाण्यानेही तेवढंच ओळखलं असतं. बाबांनाही ते कळलं. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला, चपला घातल्या आणि बाहेर गेले. मी जिंकले होते आणि मला अजिबात बरं वाटत नव्हतं. टेबलावरचं सामान आवरत होते तेव्हा आई आतून म्हणाली,

"चौथ्याले त्यायनं लॅपटॉप म्हनलं. ती त सुई होती."

मी दाराशी गेले. "तुला काय माहीत?"

"पयला सुई, दुसरा लॅपटॉप, तिसरा लॅपटॉप, चौथा सुई," आईने सूप खाली ठेवून बोटांवर मोजलं, ते थेट दहापर्यंत. कागद बाबांनी नेला होता, पण मला क्रम पाठ होता. एकही चूक नव्हती.

मला वाटलं तिला दिसलं असेल. मी दाराला दुहेरी चादर लावली, तिला चुलीकडे तोंड करून बसवलं आणि पुन्हा दहा वेळा नाणं उडवलं. दहापैकी दहा. आयुष्यभर या घरात आवाजावर वाद झाले आणि आईला कधी कुणी काही विचारलं नव्हतं. मी सुद्धा नाही.

"कसं ओळखते तू?"

"सुई बोलते ना," ती म्हणाली. "लॅपटॉप लागला की टेबलावर काहीच बोलत नाई. रेकॉर्ड लागली की सुई बारीक बारीक गाते. तुले नाई ऐकू येत?"

मी स्पीकर पूर्ण बंद केले, सुई टेकवली आणि कान खाली नेला. खरंच, सुईतून गाणं येत होतं. डबीत कोंडलेल्या माशीएवढं, पण शब्द कळत होते. सुई खाचेत थरथरते तेव्हा ती स्वतःच थोडी वाजते, हे मला शिकून माहीत होतं. मी ते परीक्षेत धरलंच नव्हतं.

आईने मग सांगितलं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा बाबांकडे कामाला दुसरा माणूस नव्हता. बाबा भोंगा बांधायला झाडावर चढायचे आणि मशीनजवळ आईला बसवायचे. भोंग्याचं तोंड गावाकडे, आई मांडवाच्या मागे. तिच्यापर्यंत भोंग्याचा नुसता गोंगाट यायचा. गाणं ती सुईजवळ वाकून ऐकायची. दोन वर्षं तिने सगळी गाणी तशीच ऐकली. मी झाले आणि तिचं जाणं बंद झालं.

"तर मग रेकॉर्डचा आवाज चांगला की लॅपटॉपचा?" मी विचारलं.

तिने थोडा विचार केला. "स्पीकरमधून दोन्ही सारखेच. पन लॅपटॉपजवळ वाकून काय ऐकू?"

संध्याकाळी बाबा परत आले तेव्हा मी त्यांना आईचे दहापैकी दहा सांगितले. मला वाटलं ते म्हणतील, बघ, मी म्हणत होतो. ते तसं म्हणाले नाहीत. त्यांनी स्पीकर बंद करायला सांगितले, स्वतः सुई टेकवली आणि खाली वाकले. बराच वेळ वाकून राहिले. मग सरळ होऊन म्हणाले, "मले काहीच ऐकू येऊन नाई राहिलं."

तेवढ्यावर तो विषय थांबला. कार्यक्रम तोंडावर आला होता.

मी भंडाऱ्याच्या बाईंना फोन करून जे झालं ते सांगितलं. "आवाज मोजून सारखा केला तर फरक कळत नाही. तुम्हाला रेकॉर्ड हवी आहे, मी रेकॉर्डच लावीन. पण त्याच रेकॉर्ड लॅपटॉपमध्येही भरून ठेवल्या आहेत. सुई अडकली तर लॅपटॉप लावीन, आणि लावला तर माइकवर सांगून लावीन."

"सांगायची काय गरज आहे? कळणार तर नाही म्हणता," त्या म्हणाल्या.

"म्हणूनच सांगावं लागेल."

हॉल वैनगंगेच्या अंगाला होता. तिथला स्टेज लाकडी फळ्यांचा, पाय टाकला की हलणारा. मी प्लेअर खाली भिंतीजवळ ठेवायला निघाले तर बाबांनी अडवलं. त्यांनी स्वयंपाक्याकडून तांदळाचा एक कट्टा, म्हणजे छोटं पोतं, मागून आणला, तो टेबलावर आडवा टाकला, वर फळी ठेवली आणि फळीवर प्लेअर. "धक्का तांदूळ खाते," ते म्हणाले. मी हाताने टेबल ठोकून पाहिलं, जमीन ठोकून पाहिली. सुई हलली नाही. हे मला माहीत नव्हतं, आणि मी तसं त्यांना सांगितलं.

लोक आले, जोडपं खुर्चीत बसलं. आजोबांनी फेटा बांधला होता, आजींनी कोसा रेशमाची साडी नेसली होती. पहिली रेकॉर्ड नीट वाजली, दुसरीही. लोक मशीनभोवती येऊन फिरणारी थाळी बघत होते. फोटो काढत होते. तिसऱ्या गाण्याला नातवंडं आणि सुना नाचायला उठल्या आणि अख्खा हॉल हलायला लागला. तांदळाने बराच वेळ दम धरला. मग सुई उडाली आणि एका ओळीवर अडकली. तीच ओळ, पुन्हा तीच, पुन्हा तीच.

मी आवाज खाली घेतला आणि माइक हातात घेतला. "सुई अडकली आहे. हीच रेकॉर्ड आम्ही लॅपटॉपमध्ये भरली आहे, आता ती लावते."

"थांब ना बाई," आजी खुर्चीतूनच म्हणाल्या. हसू आवरत त्यांनी मला जवळ बोलावलं. मी माइक घेऊन गेले. "आमच्या लग्नात पन अशीच अटकली होती. अक्षता पडायच्या आधी. अख्खा मांडव हासला. मी मान खाली घालून बसली होती, तेव्हा मले पन हासू आलं, अन् मी वर पाह्यलं. यायले मी तेव्हा पयल्यांदा पाह्यलं."

आजोबा म्हणाले, "मी त कान दाबून बसलो होतो. भोंगा माझ्याच डोक्यावर बांधला होता. काय वाजून राहिलं तेच समजत नव्हतं."

सगळे हसले. मी बाबांकडे पाहिलं. आपली रेकॉर्ड कोणत्याच लग्नात कधी अडकली नाही, असं ते आजवर सांगत आले होते. ते कट्ट्याजवळ ताठ उभे होते.

"सुई अटकली नव्हती," ते म्हणाले. "बॅटरी उतरली होती."

मग त्यांनी स्वतः सुई उचलली, रेकॉर्ड कापडाने पुसली आणि अडकल्या ओळीच्या पुढे नेमकी टेकवली. गाणं पुढे चालू झालं. नाचणारे थांबले नाहीत, म्हणून मी पुढच्या दोन गाण्यांना सांगून लॅपटॉप लावला, आणि जेवणं सुरू झाल्यावर, हॉल शांत झाल्यावर, पुन्हा रेकॉर्ड. कोणाचीच तक्रार आली नाही. आजोबांना लॅपटॉपवरचं बरं वाटलं, आजींना रेकॉर्डवरचं. निकाल म्हणून तो काही कामाचा नाही, पण कागदावर मी तोही लिहून ठेवला.

घरी आल्यावर आठेक दिवसांनी बाबा म्हणाले, "भंडाऱ्याले कानाच्या डॉक्टरकडे चाल."

आई आणि मी त्यांना हे पाच वर्षं सांगत होतो. टीव्हीचा आवाज शेजाऱ्यांना ऐकू जायचा, फोनवर ते भलतीच उत्तरं द्यायचे, पण कान तपासायचं म्हटलं की उठून जायचे. मी विचारलं, "आता कसं काय?"

"मी हारलो ते मले मान्य आहे," ते म्हणाले. "पन अर्ध्या कानानं हारलो. हारायचंच असन त पुऱ्या कानानं हारतो."

आम्ही एसटीने गेलो. डॉक्टरांनी त्यांना काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि आलेख दाखवला. जाड आवाज बऱ्यापैकी शाबूत होते, बारीक आवाजांची रेघ मात्र खाली कोसळली होती. इतकी वर्षं भोंग्याजवळ उभं राहिल्याचा तो परिणाम, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. पक्षी, वाटीत चमचा, लहान मुलांचं बोलणं, हे सगळं त्या कोसळलेल्या भागात येत होतं. मी इतके दिवस त्यांच्या हट्टावर चिडत होते आणि आलेख बघताना मला कळलं की आम्ही दोघं एकच गाणं ऐकतच नव्हतो.

डॉक्टरांनी कानाचं मशीन बाबांच्या हातात ठेवलं. शेंगदाण्याएवढं.

"हे डिजिटल आहे का?" बाबांनी विचारलं.

"हो काका. आत छोटा कॉम्प्युटरच आहे. बाहेरचा आवाज आधी आकड्यांत बदलतो, तुमच्या कानाला जसा हवा तसा करतो आणि मग आत सोडतो."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. हसले असते तर ते उठून गेले असते. त्यांनी ते मशीन उलटंसुलटं करून पाहिलं, जसं नवीन माइक आला की पाहायचे.

"बसवा," ते म्हणाले.

पहिले काही दिवस त्यांना त्रास झाला. भांडी आदळल्यासारखी वाटायची, पंखा कानात फिरतो म्हणायचे, दुकानासमोरून ट्रक गेला की मशीन काढून ठेवायचे. डॉक्टरांनी दोनदा जमवून दिलं. बाबा चिकाटीने घालत राहिले, सकाळी तासभर, मग दुपारपर्यंत, मग दिवसभर. महिनाभराने ते आपणच खुर्ची घेऊन स्पीकरसमोर बसले आणि म्हणाले, "नानं उडव."

या वेळी प्लेअर मी दूरच्या खोलीत ठेवला, म्हणजे सुईचं बोलणं कोणालाच ऐकू येणार नाही. आई बाबांच्या शेजारी बसली, तिचाही कागद वेगळा केला. पाचव्या पाळीला बाबांनी हात वर केला.

"कोनी तरी खोकलला."

"इथे?"

"गान्यात. कडवं संपते तिथं, मांगं कोनी तरी खोकलते. वाजवनारा असन." ते खुर्चीच्या कडेला सरकले होते. "हे रेकॉर्ड मी शेकडो वेळा लावली. हे मी कधीच ऐकलो नाई."

मी मागे नेऊन पुन्हा लावलं. खोकला होता, अगदी बारीक, दाबलेला. रेकॉर्डवर होता आणि लॅपटॉपमध्येही होता, तितकाच. मी त्यांना तसं सांगितलं.

"असू दे," बाबा म्हणाले.

त्या दिवशी बाबांचे दहापैकी सहा आले, आईचे चार. बाबांनी दोन्ही कागद समोर धरून पाहिले, सहा म्हणजे काही सिद्ध होत नाही हे माझ्या आधी तेच म्हणाले, आणि पुढच्या दहा आकड्यांसाठी नवीन कागदावर रेघ ओढायला बसले.